सर्व्हरची मेमरी कोण खातो?

“सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.” हे वाक्य आता खेडोपाडी इतके रुळले आहे की त्यातील पहिले दोन शब्द परक्या भाषेतून आलेले आहेत, हेही कोणाच्या ध्यानी येत नाही. रेशनच्या दुकानी अंगठा लावून ताटकळणारी आजी, बँकेत पेन्शनसाठी आलेले निवृत्त मास्तर, परीक्षेचा अर्ज भरण्यासाठी तालुक्याच्या गावी गेलेली मुलगी, या सर्वांनी ते कधी ना कधी ऐकलेले असते. उच्चारावयास त्याला दोन क्षण लागतात. पण त्यापायी एका घराचा एक दिवस फुकट जातो, आणि हातावर पोट असणाऱ्याची त्या दिवसाची मजुरी बुडते.

या वाक्याला दुसरीही एक बाजू आहे. ज्या घटकेस आजी रिकामी पिशवी घेऊन परत फिरते, त्याच घटकेस पुणे, हैदराबाद, वडोदरा अथवा बेंगळूर येथील एखाद्या कचेरीत कोणा घरचा मुलगा पडद्यावर डोळे लावून बसलेला असतो आणि सर्व्हर का बसला याचा माग काढीत असतो. आपल्या वाचकांपैकी कित्येकांची मुले-मुली आज याच कामावर आहेत. “संगणकाचे काम करतो” यापलीकडे त्या कामाविषयी घरी फारसे काही ठाऊक नसते. म्हणून त्या कामातील एकच प्रकरण आज नीट उलगडून पाहावे असे योजिले आहे.

सर्व्हर बंद पडण्याची कारणे अनेक. वीज जाते, तार तुटते, डिस्क भरते, कोणी चुकीचा बदल करतो. त्यांपैकी मेमरी कमी पडणे हे नेहमीचे आणि मोठे फसवे कारण होय. फसवे अशासाठी की, या दुखण्यात जे भरलेले दिसते ते पुष्कळदा निरोगी असते, आणि जो मेलेला सापडतो तो पुष्कळदा निरपराधी असतो. नेमके काय पाहावे हे ज्याला उमगले, त्यालाच खरा खाणारा सापडतो.

ओटा आणि कोठी

सर्व्हर म्हणजे काही निराळे अद्भुत यंत्र नव्हे. तो एक संगणकच असतो. फरक एवढाच की घरचा संगणक एका माणसाची सेवा करतो, तर सर्व्हर एकाच वेळी शेकडो-हजारो माणसांच्या मागण्या पुरवितो, आणि तोही रात्रंदिवस, महिनोन्महिने न थांबता.

त्याच्यापाशी वस्तू ठेवावयाच्या दोन जागा असतात. एक डिस्क व दुसरी मेमरी. स्वयंपाकघराशी तुलना केली तर डिस्क ही धान्याची कोठी, आणि मेमरी हा स्वयंपाकाचा ओटा. कोठीत पुष्कळ मावते व टिकते. पण तेथून जिन्नस आणावयास वेळ लागतो. ओटा लहान, परंतु हाताशी. जे शिजवावयाचे आहे ते प्रथम ओट्यावर यावे लागते. वीज गेली की ओटा पुसून निघतो. कोठीतील धान्य मात्र तसेच राहते.

लहानशा सर्व्हरची मेमरी आठ अथवा सोळा जीबी असते; मोठ्यांची शेकडो जीबी. एक जीबी म्हणजे सुमारे शंभर कोटी बाइट. देवनागरीतील एक चिन्ह आजच्या प्रचलित पद्धतीने साठवावयास तीन बाइट लागतात. तेव्हा एका जीबीत तेहतीस कोटी चिन्हे मावतात! इतकी जागा असूनही ती पुरत नाही, याचे नवल वाटणे साहजिक आहे.

ओट्यावरील जागा कोणास किती द्यावयाची हे ठरविणारी एक कर्ती बाई प्रत्येक संगणकात असते. तिला कर्नल म्हणतात. फिनलंडमधील हेलसिंकीच्या विद्यापीठात शिकत असलेल्या लिनस टोरवाल्ड्स या तरुणाने १९९१ साली लिनक्स नावाचे असे कर्नल लिहून सर्वांस मोकळे केले, आणि आज इंटरनेटवरील सर्व्हरांपैकी फार मोठा वाटा त्यावरच चालतो. म्हणून पुढील विवेचन लिनक्सला धरून आहे.

भरलेली मेमरी म्हणजे रोग नव्हे

नवशिका कर्मचारी सर्व्हरवर प्रथम ‘फ्री’ ही आज्ञा देतो. एकूण मेमरी किती, वापरातील किती व मोकळी किती, हे ती सांगते. सोळा जीबींपैकी मोकळी केवळ अर्धा जीबी, असा आकडा दिसला की त्याच्या पोटात गोळा येतो. तो वरिष्ठांना उठवितो, सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करतो, मोकळ्या मेमरीचा मोठा आकडा पाहून समाधान पावतो. आणि दोन दिवसांनी आकडा पुन्हा जैसे थे!

येथे रोग कोठेच नव्हता. कर्नल ही मोठी व्यवहारी गृहिणी आहे. कोठीतून एकदा आणलेला डबा काम झाल्यावर ती लगेच परत नेऊन ठेवीत नाही. ओट्यावर जागा आहे तोवर तो तेथेच राहू देते, कारण थोड्या वेळाने तोच पुन्हा लागण्याचा संभव असतो. कोणी नवे पातेले घेऊन आले की मात्र ती तो डबा तत्काळ बाजूला सारते. डिस्कवरून वाचलेला मजकूर असा मेमरीत राखून ठेवण्यास कॅश म्हणतात. रिकामा ठेवलेला ओटा कोणाच्याच उपयोगी नाही, हे तिचे तत्त्व.

म्हणून पाहावयाचा आकडा ‘मोकळी’ हा नसून ‘उपलब्ध’ हा होय. म्हणजे गरज पडताच देता येईल अशी मेमरी. हा आकडा पूर्वी कर्नल देतच नसे. लोक मोकळी मेमरी व कॅश यांची बेरीज करून अंदाज बांधीत, आणि तो चुके. कारण कॅशमध्ये गणलेले सर्वच काही सोडता येण्याजोगे नसते. २०१४ साली निघालेल्या लिनक्सच्या ३.१४ या आवृत्तीपासून कर्नल स्वतःच हा अंदाज सांगू लागले. ‘उपलब्ध’ पुरेसे असेल तर ‘मोकळी’ कितीही थोडी दिसो, त्या सर्व्हरवर मेमरीसाठी औषधोपचार करू नये.

खऱ्या दुखण्याची लक्षणे

मग दुखणे ओळखावे कसे? पहिले लक्षण हेलपाट्यांचे. ओट्यावर खरोखरच जागा उरली नाही की कर्नल चालू कामातील काही जिन्नस उचलून डिस्कच्या एका राखीव कोपऱ्यात नेऊन ठेवते. या कोपऱ्यास स्वॅप म्हणतात. क्वचित लागणारी वस्तू तेथे गेली तर बिघडत नाही. पण जी आता ठेवली तीच पुढच्या क्षणी हवी, आणि तिला आणण्यासाठी दुसरी न्यावी, अशी पाळी आली की सारा वेळ ये-जा करण्यातच जातो आणि चुलीवर काहीच शिजत नाही. मेमरीतून एखादी गोष्ट उचलावयास सेकंदाचा सुमारे एक कोटीवा भाग पुरतो. फिरत्या तबकडीच्या डिस्कवरून तीच आणावयास सेकंदाचे काही सहस्रांश भाग लागतात. हा फरक हजारो पटींचा आहे.

हे दुखणे नवे नाही. मेमरी व साठवणीचा चुंबकीय ड्रम यांमध्ये आपोआप देवघेव करणारा ॲटलस हा संगणक इंग्लंडमधील मँचेस्टर येथे १९६२ साली सुरू झाला. त्यानंतर थोड्याच वर्षांत, १९६८ साली, पीटर डेनिंग या अमेरिकन शास्त्रज्ञाने या निष्फळ धडपडीची कारणे व उपाय सांगणारा निबंध प्रसिद्ध केला. प्रत्येक कामाला स्वतःचा असा एक किमान पसारा लागतो. तेवढी जागा त्यास मिळत नसेल तर आणखी कामे सुरू करण्याने एकूण काम वाढत नाही, उलट घटते, हे त्याच्या विवेचनाचे सार. आजही ते तंतोतंत लागू पडते. ‘व्हीएमस्टॅट’ ही आज्ञा दर सेकंदास स्वॅपमधून किती आले व किती गेले याचे दोन रकाने दाखविते. ते दोन्ही सतत हलते असतील तर दुखणे खरे मानावे. स्वॅप काहीसा भरलेला आहे, पण ये-जा शून्य आहे, तर चिंता नको.

दुसरे लक्षण याहून भयंकर. स्वॅपही भरला, मागणी तर थांबत नाही, अशा वेळी कर्नलपुढे एकच मार्ग उरतो: चालू प्रोग्रॅमांपैकी कोणाचा तरी बळी देणे. वादळात सापडलेल्या गलबताचा तांडेल जसा जड माल समुद्रात लोटतो, तसाच हा प्रकार. प्रत्येक प्रोग्रॅमला गुण दिले जातात व ज्याचे गुण सर्वांत अधिक त्याला मारले जाते. हे गुण मुख्यत्वे त्या प्रोग्रॅमने किती मेमरी व्यापली आहे यावर ठरतात.

येथेच मोठी फसगत होते. सर्व्हरवरील सर्वांत मोठा प्रोग्रॅम बहुधा डेटाबेस असतो, म्हणजे साऱ्या नोंदी सांभाळणारा मुख्य कारकून. तो मोठाच असावयाचा. त्याचे कामच तसे. दुसराच कोणी हळूहळू मेमरी गिळीत असला, तरी संकटाच्या क्षणी आकाराने मोठा म्हणून हा कारकूनच मारला जातो. सकाळी लोक म्हणतात, “डेटाबेस पडला, डेटाबेसमध्येच दोष आहे.” मग तो तपासण्यात आठवडा जातो, आणि गिळणारा स्वस्थ गिळीत राहतो. मारला गेला तोच चोर, असा न्याय या प्रांतात करू नये. कर्नल आपल्या रोजनाम्यात या वधाची नोंद करून ठेवते व त्या घटकेस कोणी किती मेमरी धरली होती याची यादीही बहुधा तेथेच देते. ती यादी आधी वाचावी.

तीन प्रकारचे खाणारे

मेमरी खाणारे तीन प्रकारचे असतात, आणि तिघांवरील उपाय वेगवेगळा आहे.

पहिला प्रामाणिक खाणारा. काम वाढले म्हणून त्याची भूक वाढली. परीक्षेच्या निकालाच्या दिवशी लाखो मुले एकाच वेळी एकाच दारी येतात. अशा वेळी मेमरी भरली तर तो कोणाचा अपराध नव्हे. येथे मेमरी वाढवावी, अथवा काम अनेक सर्व्हरांत वाटावे.

दुसरा खाणारा हिशेब न करता बोलाविलेला. समजा, सर्व्हरची मेमरी आठ जीबी आहे. येणाऱ्या मागण्या पुरविण्यासाठी त्यावर वाढपी नेमलेले असतात, म्हणजे एकाच प्रोग्रॅमच्या अनेक प्रती. एका वाढप्यास ऐंशी एमबी लागते, आणि कोणीतरी कमाल मर्यादा दीडशे लिहून ठेविली आहे. दीडशे गुणिले ऐंशी म्हणजे बारा हजार एमबी, अर्थात बारा जीबी. आठ जीबींच्या ओट्यावर बारा जीबींची पंगत! एरवी वीस-पंचवीस वाढपीच कामावर असतात, म्हणून वर्षभर काही होत नाही. ज्या दिवशी गर्दी होते नेमका त्याच दिवशी सर्व्हर कोसळतो. कर्नल व डेटाबेस यांच्यासाठी दोन जीबी बाजूस ठेवून उरलेल्या सहा जीबींत पंचाहत्तर वाढपी बसतात; मर्यादा तेवढीच लिहावी. शहात्तराव्याला थोडे थांबावे लागेल. पण थांबून जेवण मिळणे हे पंगतच उठण्यापेक्षा केव्हाही बरे.

तिसरा खाणारा गळतीचा. प्रोग्रॅम काम करताना मेमरी मागून घेतो आणि काम आटोपल्यावर त्याने ती परत द्यावयाची असते. लिहिणाऱ्याच्या नजरचुकीने एखाद्या वाटेवर ती परत देण्याचे राहून जाते. काही भाषांत परत देण्याचे काम आपोआप होते. झाडूवाला येतो व जे कोणाचे नाही ते उचलून नेतो. तथापि तेथेही गळती होते. घरातील जुन्या डब्यांविषयी आजी “राहू दे, लागेल केव्हातरी” असे म्हणत राहिली तर झाडूवाल्याने तरी काय करावे? एखादी यादी नुसती वाढतच जाते, तिच्यातून कधी काही वगळले जात नाही, हे अशा गळतीचे नित्याचे रूप.

गळती किती सूक्ष्म असू शकते ते पाहा. प्रत्येक मागणीमागे केवळ दोन केबी परत द्यावयाचे राहिले असे धरू. चाचणीच्या यंत्रावर दिवसास हजार मागण्या येतात. तेथे दिवसाकाठी दोन एमबी गेले. सहा जीबी शिल्लक असेल तर ती संपावयास आठ वर्षे लागतील. कोणास पत्ताही लागणार नाही. तोच प्रोग्रॅम खऱ्या कामावर लागला, तेथे दिवसास दहा लाख मागण्या येतात, म्हणजे दिवसाला दोन जीबी गेले. तिसऱ्या दिवशी सर्व्हर बसला! दोष एकच, भोके तेवढेच. पाणी मात्र निराळे.

तिघांना वेगळे ओळखावयाचे तर एका क्षणाचा आकडा पुरत नाही. दिवसांचा आलेख पाहावा लागतो. प्रामाणिक कामाची रेघ दिवसा चढते व रात्री उतरते. कॅशची रेघ चढते आणि एका पातळीवर स्थिरावते. गळतीची रेघ चढतच जाते. रात्री मागण्या ओसरल्या तरी ती खाली येत नाही, फार तर थबकते. वैद्य ज्याप्रमाणे तापाचा एक आकडा पाहून थांबत नाही, चार दिवसांचा तक्ता मागतो, तसेच हे.

एका सोमवारची हकिकत

आता या साऱ्याचा प्रत्यय देणारी एक खरी घटना सांगतो. जगातील असंख्य कंपन्या स्वतःचे सर्व्हर न बाळगता ॲमेझॉन कंपनीकडून ते भाड्याने घेतात. अमेरिकेतील उत्तर व्हर्जिनिया येथे या कंपनीची फार मोठी केंद्रे आहेत. तेथे ग्राहकांची माहिती ठेवणारे साठवणीचे सर्व्हर असतात, आणि त्यांतील प्रत्येकावर एक लहानसा प्रोग्रॅम यंत्राच्या देखभालीची माहिती गोळा करून दुसऱ्या एका सर्व्हरास कळवीत असे. हे काम दुय्यम होते. माहिती उशिरा पोहोचली अथवा मुळीच पोहोचली नाही, तरी चालावे अशीच त्याची रचना होती.

२०१२ च्या ऑक्टोबरात ही माहिती स्वीकारणारा एक सर्व्हर बिघडला व त्याच्या जागी नवा बसविण्यात आला. नव्याचा पत्ता कंपनीच्या अंतर्गत पत्तेवहीत लिहिण्यात आला. परंतु त्या वहीच्या सर्व प्रतींपर्यंत हा बदल पोहोचला नाही. परिणामी साठवणीचे काही सर्व्हर जुन्या, मेलेल्या पत्त्यावरच निरोप धाडीत राहिले. उत्तर येईना. माहिती न पोहोचली तरी चालते, असेच ठरलेले असल्यामुळे कोणतीही घंटा वाजली नाही. पण त्या लहान प्रोग्रॅममध्ये एक गळती दडलेली होती. जोडणी फसली की पुन्हा प्रयत्न करताना तो थोडी थोडी मेमरी गिळी व सोडीत नसे.

कंपनी प्रत्येक सर्व्हरच्या एकूण मेमरीवर लक्ष ठेवून होती. तथापि हे सर्व्हर एरवीही आपली बहुतेक सारी मेमरी ग्राहकांच्या कामी सतत कमी-अधिक वापरीत. त्यामुळे एकूण आकड्यावरून इशारा देणे अवघड होते, आणि तो दिला गेला नाही. सोमवार, २२ ऑक्टोबर रोजी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या वेळेनुसार सकाळी दहाच्या सुमारास, म्हणजे आपल्याकडील रात्री साडेदहाच्या सुमारास, साठवणीचे काम मंदावू लागले. पुरेशी मेमरी न उरल्याने त्या सर्व्हरांना ग्राहकांच्या मागण्या पुरविता येईनात. रेडिट, पिंटरेस्ट यांसारखी नावाजलेली संकेतस्थळे अडखळली किंवा बंद पडली. तंत्रज्ञांनी तातडीचे उपाय करून बराचसा भाग सावरला. पण मूळ कारण हाती लागले ते दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी. त्या भरकटलेल्या प्रोग्रॅमने धरून ठेवलेली मेमरी सोडविताच उरलेले साठे पूर्ववत होऊ लागले व सव्वाचारच्या सुमारास बहुतेक सर्व ठीक झाले.

कंपनीने पुढे सविस्तर निवेदन प्रसिद्ध केले. त्यात योजलेले उपाय विचार करण्यासारखे आहेत. गळती बुजविली, हे तर झालेच. त्याखेरीज एकूण मेमरीऐवजी प्रत्येक प्रोग्रॅमच्या मेमरीवर पहारा बसविण्याचे ठरले. पत्तेवहीतील बदल सर्वत्र न पोहोचल्यास इशारा मिळेल अशी सोय करण्याचे ठरले. आणि दुय्यम कामाच्या प्रोग्रॅमांनी अमुक मर्यादेपलीकडे मेमरी घेऊच नये असा बांध घालण्याचे ठरले.

या हकिकतीत एकही खलपुरुष नाही. बिघडलेले यंत्र बदलणारा आपले कर्तव्यच करीत होता. माहिती न मिळाली तरी सारे चालू राहावे, हा विचारही शहाणपणाचाच. परंतु “हे नसले तरी चालेल” असे ज्याविषयी ठरले, त्याच्याकडे पाहणेच बंद झाले. आणि ज्याच्या असण्याने फारसा लाभ नव्हता, त्याच्या बिघडण्याने मात्र सारे घर अडले.

शोधाचा क्रम

या कामावर नव्याने रुजू झालेल्या तरुण वाचकांसाठी अनुभवी मंडळी पाळतात तो क्रम थोडक्यात देतो.

प्रथम पुरावा, नंतर उपचार. सर्व्हर पुन्हा चालू केला की मेमरी मोकळी होते आणि गिळणाऱ्याच्या पाऊलखुणाही पुसल्या जातात. लोक खोळंबले असतील तर पुन्हा चालू करणे क्रमप्राप्त आहे. पण त्यापूर्वी कोणी किती मेमरी धरली आहे याची यादी उतरवून घ्यावी. एक मिनिट लागेल, आणि पुढचा आठवडा वाचेल.

दुसरे, ‘उपलब्ध’ मेमरी व स्वॅपची ये-जा पाहून दुखणे मेमरीचेच आहे याची खात्री करावी.

तिसरे, ‘टॉप’ ही आज्ञा देऊन प्रोग्रॅमांची यादी मेमरीच्या क्रमाने लावावी. तेथे दोन रकाने दिसतील. एकात प्रोग्रॅमने मागून ठेवलेला आवाका असतो, दुसऱ्यात प्रत्यक्ष व्यापलेली जागा. कर्नल आपल्यापाशी असलेल्यापेक्षा अधिक मेमरीचे वचन देत असते, कारण मागणारे सर्वच सारे वापरीत नाहीत. म्हणून पहिला आकडा पाहून घाबरू नये, दुसरा पाहावा.

चौथे, हीच यादी काही तासांनी पुन्हा घ्यावी. सर्वांत मोठा कोण, यापेक्षा सर्वांत अधिक वाढला कोण, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. वाढणारा सापडला की तो कोणत्या दिवसापासून वाढू लागला हे आलेखावर पाहावे, आणि त्या दिवशी काय बदलले होते याची चौकशी करावी. नवा प्रोग्रॅम बसविला? यंत्र बदलले? पत्ता बदलला?

पाचवे, मर्यादा घालाव्यात. लिनक्समध्ये २००८ सालापासून प्रोग्रॅमांच्या एका गटास मेमरीची कमाल हद्द आखून देण्याची सोय आहे. हद्द ओलांडणारा गट तेवढा अडतो. शेजाऱ्याचे नुकसान होत नाही. आणि रोज रात्री सर्व्हर पुन्हा चालू करण्याची सवय हा उपाय समजू नये. गळक्या छपराखाली भांडे ठेवणे हे पावसाच्या रात्री योग्यच. पण ऊन पडल्यावर कौले शाकारावीत, भांड्यांची संख्या वाढवू नये.

घरच्यांसाठी दोन शब्द

एरवीच्या वाचकांनी यातून काय घ्यावे? एक असे की, “सर्व्हर डाऊन आहे” असे सांगणाऱ्या दुकानदारावर अथवा कारकुनावर डाफरण्यात अर्थ नाही; बिघाड बहुधा त्याच्या हातापासून शेकडो कोस दूर असतो. मात्र “केव्हा यावे, आणि आजची पाळी बुडणार नाही ना?” हे त्याला शांतपणे पण अवश्य विचारावे. यंत्र अडले म्हणून माणसाचा हक्क अडत नाही.

दुसरे असे की, घरचा मुलगा किंवा मुलगी मध्यरात्री फोन वाजताच उठून संगणक उघडून बसते, तेव्हा ती काय करीत असते याची आता थोडी कल्पना यावी. कोठेतरी कोणी न पाहिलेल्या कोपऱ्यात थेंब थेंब गळत असते आणि ती त्या थेंबाचा माग काढीत असते. ती वेळेवर सापडली तर सकाळी काहीच घडत नाही. दुकान उघडते, आजीचा अंगठा लागतो, धान्य मापले जाते, आणि रात्री कोणी जागले होते हे कोणास कळतही नाही. या कामाचे यश असे न दिसणारेच असते. म्हणून सकाळी तिला थोडे उशिरापर्यंत निजू द्यावे, एवढे तरी घरच्यांच्या हाती आहे.

ओट्याविषयी आज पाहिले. कोठी, म्हणजे डिस्क, कशी व कशामुळे भरते, हे पुढील अंकी पाहू.